शिडी आणि रज्जू

समुद्रकिनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, जाडसर वाळूमध्ये शरीराचा बहुतेक भाग पुरून घेऊन आणि केवळ तोंडाकडचे टोक बाहेर ठेवून, एक लहानसा प्राणी आपले आयुष्य काढीत असतो. त्याची लांबी साधारणपणे पाच सेंटिमीटरच्या आसपास, शरीर दोन्ही टोकांना निमुळते आणि जवळजवळ पारदर्शक असते. त्याला हाडे नाहीत, जबडा नाही, दात नाहीत. माशाला असतात तशा परांच्या जोड्या नाहीत. हृदय म्हणून दाखविता येईल असे एखादे स्वतंत्र इंद्रिय नाही. त्याचे रक्त वर्णहीन असते. मेंदूच्या जागी चेतारज्जूच्या टोकाशी किंचितसा फुगीर भाग तेवढा दिसतो. तोंडावाटे पाणी आत घ्यावे, त्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून घ्यावेत आणि पाणी बाहेर सोडून द्यावे, एवढाच त्याचा दिनक्रम. शास्त्रीय ग्रंथांत त्याला ब्रँकिओस्टोमा म्हणतात. परंतु भारतातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी काचपट्टीवर रंगवून बसविलेला जो प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो 'अँफिऑक्सस' या जुन्या नावानेच त्यांच्या स्मरणात राहिला आहे.

अशा या नगण्य प्राण्याने गेल्या अडीचशे वर्षांत माणसापुढे एक प्रश्न सतत उभा केला आहे. तो वरवर पाहता प्राणिशास्त्राचा असला, तरी त्याचे मूळ नीतिविचारात आहे. सजीवांमध्ये 'श्रेष्ठ' आणि 'कनिष्ठ' असा भेद जेव्हा केला जातो, तेव्हा नेमके काय मोजले जाते? आणि जे मोजले जाते, त्यावरून कोणाच्या जगण्याला किती किंमत द्यावी, हे ठरविता येते काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी या प्राण्याकडे पाहताना माणसाला वेळोवेळी काय दिसले, हे ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. भारतीय तत्त्वचिंतनात रज्जू आणि सर्प यांचा दृष्टान्त सुप्रसिद्ध आहे. अंधुक प्रकाशात पडलेल्या दोरीवर कोणाला सर्पाचा भास होतो, कोणाला पाण्याच्या ओघळाचा. दोरी मात्र दोरीच राहते. गौडपादांनी मांडूक्यकारिकांत हा दृष्टान्त योजिला आणि पुढे अद्वैत वेदान्ताने तो सर्वपरिचित केला. अँफिऑक्ससचा इतिहास म्हणजे या दृष्टान्ताचा जणू एक आधुनिक प्रयोग आहे. योगायोगाने येथेही जिचे खरे स्वरूप ओळखावयाचे होते, ती वस्तू एक रज्जूच होती.

१७७४ मध्ये पीटर सिमॉन पालास या निसर्गवैज्ञानिकाने इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरून मिळालेल्या एका नमुन्याचे वर्णन केले. त्याला त्यात गोगलगायीच्या जातीचा, शंख नसलेला एक मृदुकाय प्राणी दिसला आणि त्याने त्याची नोंद तशीच केली. साठ वर्षांनी, १८३४ मध्ये, नेपल्सच्या ओरोंत्सिओ गाब्रिएले कोस्ता याने तोच प्राणी जिवंतपणी पाहिला. तोंडाभोवतीच्या तंतूंना तो कल्ले समजला आणि 'तोंडाशी कल्ले असलेला' या अर्थाचे ब्रँकिओस्टोमा हे नाव त्याने दिले. नावामागील समजूत चुकीची होती. तथापि नामकरणाच्या नियमांनुसार ते अग्रक्रमाचे असल्याने टिकून राहिले. १८३६ मध्ये विल्यम यारेल याने 'दोन्हीकडे टोकदार' या अर्थाचे अँफिऑक्सस हे नाव सुचविले. १८४४ मध्ये बर्लिनच्या योहानेस म्यूलर याने त्याच्या शरीररचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८६७ मध्ये अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन भ्रूणवैज्ञानिकाने त्याच्या अंड्यापासून होणारी वाढ टप्प्याटप्प्याने उलगडून दाखविली. गोगलगाय म्हणून नोंदला गेलेला प्राणी मासे, बेडूक, पक्षी आणि माणूस यांच्याच कुळातला आहे, याविषयी त्यानंतर फारसा संशय उरला नाही.

हे कुळ ओळखावयाचे ते कशावरून? पाठीच्या बाजूने, शरीराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली, लवचीक तरीही ताठ राहणारी एक दोरी या प्राण्यात असते. तिला पृष्ठरज्जू म्हणतात. तिच्या वर पोकळ नळीसारखी चेतारज्जू असते. तिच्या खाली अन्नमार्ग असतो. घशाच्या भिंतींना फटी असतात. गुदद्वाराच्या मागेही शरीर संपत नाही, तेथे स्नायूंनी युक्त असे शेपूट असते. घशाच्या तळाशी एक खोलगट पट्टी असते. ती चिकट स्राव निर्माण करून अन्नकण धरून ठेवते आणि आयोडीनही गोळा करते. एवढ्या थोड्या लक्षणांत रज्जुमान प्राण्यांचा सारा आराखडा सामावलेला आहे.

मानवी गर्भात हीच लक्षणे एकामागून एक प्रकट होतात. गर्भाच्या पाठीत प्रथम पृष्ठरज्जू तयार होते. तिच्याकडून निघणाऱ्या रासायनिक संकेतांनुसार तिच्यावरील चेतानलिकेची घडण होते. नंतर मणके येतात आणि रज्जूचे काम संपते. मात्र ती समूळ नाहीशी होत नाही. दोन मणक्यांमधील चकतीचा जो मऊ गाभा, त्याचा उगम पृष्ठरज्जूतच असतो. गर्भाच्या घशापाशीही कमानी आणि खोबणी दिसतात. त्यांतून कल्ले तयार होत नाहीत, परंतु पहिल्या खोबणीपासून मध्यकर्णाची पोकळी आणि तिला घशाशी जोडणारी नळी घडते. अँफिऑक्ससच्या घशातील ती खोलगट पट्टी आणि माणसाच्या गळ्यातील अवटू ग्रंथी यांचे नातेही शरीरशास्त्राने मान्य केले आहे. जो माणूस वाकताना पाठ धरतो, त्याच्या त्या वेदनेच्या ठिकाणी पन्नास कोटींहून अधिक वर्षांचा वारसा दडलेला असतो. तो त्याने मिळविलेला नाही. त्याच्या गुणदोषांशी त्याचा काहीही संबंध नाही.

येथवरचे सारे निरीक्षण आहे. यापुढे माणसाने जे केले, ते मात्र निरीक्षण नव्हे. निसर्गातील सर्व वस्तू एका शिडीच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत, ही कल्पना युरोपात अँफिऑक्ससचा शोध लागण्यापूर्वी फार काळापासून रुजलेली होती. तिची बीजे ॲरिस्टॉटलच्या लेखनात आहेत. मध्ययुगीन धर्मशास्त्राने तिला ईश्वरापर्यंत नेऊन भिडविले आणि १७४५ मध्ये शार्ल बोने याने मूलद्रव्यांपासून मानवापर्यंतच्या पायऱ्यांचा रीतसर तक्ताच छापला. भारतीय वाचकालाही ही शिडी अनोळखी नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून शेवटी दुर्लभ असा नरदेह लाभतो, ही भावना कीर्तनांतून आणि पुराणांतून शतकानुशतके ऐकविली गेली. जन्मावरून माणसामाणसांतही पायऱ्या कल्पिण्याचा अनुभव तर या समाजाने दीर्घकाळ घेतला आहे.

एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिवैज्ञानिकाच्या हाती अँफिऑक्सस आला, तेव्हा त्याने त्याला या शिडीवरच एक पायरी दिली. अपृष्ठवंशी आणि पृष्ठवंशी यांच्यामधल्या सीमेवर उभा असलेला हा आपल्या पूर्वजांचा हयात प्रतिनिधी होय, असे त्याने १८७४ च्या आपल्या मानवोत्पत्तिविषयक ग्रंथात मांडले आणि त्याच्याविषयी आदर बाळगण्यास सांगितले. पूर्वजाविषयी आदर ही भावना उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु याच हेकेलने १८६८ च्या ग्रंथात मानववंशांचीही उतरंड लावली होती आणि तिच्या माथ्यावर युरोपीय माणसाला बसविले होते. एका पायरीवरील प्राण्याला वंदन आणि दुसऱ्या पायरीवरील माणसाला हीनत्व, या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून कशा उतरू शकल्या? त्याचे कारण असे की, दोहोंच्या मुळाशी शिडी एकच होती. शिडीवरील खालच्याला जो आदर मिळतो, तो वर चढून गेलेल्याने मागे वळून दाखविलेला आदर असतो. त्यात कृतज्ञता असेल. समत्व मात्र नसते.

विज्ञानाने ही शिडी पुढे स्वतःच मोडीत काढली. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथातील एकमेव आकृती फाटे फुटत जाणाऱ्या शाखांची आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. त्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत त्याने अँफिऑक्ससचा उल्लेख केला आहे, तोही या संदर्भात उद्बोधक ठरतो. प्रगत प्राणी निर्माण झाल्यावर साधे प्राणी नष्ट का झाले नाहीत, या आक्षेपाला उत्तर देताना तो म्हणतो की, शार्कच्या कुळाने अँफिऑक्ससची जागा बळकावण्याचे कारणच नाही. कारण दक्षिण ब्राझीलच्या ओसाड वाळूत त्याचा सोबती आणि स्पर्धक म्हणजे काय तो एक वलयी कृमी आहे, असे फ्रिट्झ म्यूलर याने कळविले आहे. याचा अर्थ असा की, प्रत्येक जीवाची कसोटी त्याच्या त्याच्या ठिकाणी लागते. वाळूत राहून पाणी गाळण्याच्या कामात शार्क हा अँफिऑक्ससहून श्रेष्ठ नाही. त्या कामापुरता तो निरुपयोगीच आहे.

शिवाय अँफिऑक्सस हा माणसाचा पूर्वज नव्हे. तो आज जिवंत आहे, याचाच अर्थ तो समकालीन आहे. माणसाचा आणि त्याचा समान पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तेव्हापासून दोन्ही शाखांनी काळाचे अंतर सारखेच तोडले आहे. एका शाखेत बदल अधिक झाले, दुसरीत जुना आराखडा अधिक टिकून राहिला, एवढाच काय तो फरक. २००८ मध्ये अँफिऑक्ससच्या एका जातीचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध करण्यात आला. त्यात जनुकांची संख्या बावीस हजारांच्या घरात निघाली. प्रथिने घडविणारी मानवी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. शरीराच्या लांबीवर कोणता भाग कोठे यावा हे ठरविणाऱ्या हॉक्स जनुकांची अँफिऑक्ससमध्ये एकच रांग आहे, माणसात अशा चार आहेत. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत सबंध जनुकसंचाचे दोनदा द्विगुणन झाल्याची ती खूण आहे. या द्विगुणनात कोणाचे कर्तृत्व नव्हते. नकल होताना झालेल्या एका आकस्मिक घटनेचे ते फळ होते आणि त्यातून पुढे जे घडले, त्याचा लाभ माणसाच्या वाट्याला आला.

यापेक्षाही अधिक अंतर्मुख करणारा निष्कर्ष २००६ मध्ये पुढे आला. समुद्रातील खडकांना चिकटून राहणारे, पिशवीसारखे दिसणारे कंचुकयुक्त प्राणी डिंभावस्थेत पृष्ठरज्जू बाळगतात. परंतु त्यांपैकी बहुतेक प्रौढ होताना ती रज्जू, शेपूट आणि चेतासंस्थेचा बराचसा भाग गमावून बसतात. माशासारखा दिसणारा अँफिऑक्सस पृष्ठवंशीयांना जवळचा आणि ही पिशवी दूरची, असे दीर्घकाळ मानले जात होते. जनुकांच्या तुलनेतून याच्या उलट दिसून आले. पृष्ठवंशीयांचे सर्वांत निकटचे आप्त ते खडकाला चिकटलेले प्राणीच ठरले आणि अँफिऑक्सस त्या दोहोंपासून आधीच वेगळा झालेला ठरला. सारखे दिसणे आणि जवळचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा माणसाला कुटुंबात आणि समाजात अनेकदा मिळतो. निसर्गानेही तो येथे दिला.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. परजीवांविषयी माणसाची काही जबाबदारी असेल, तर ती कशाच्या आधारावर? साधर्म्याच्या आधारावर म्हणावे, तर ते किती फसवे असते हे नुकतेच दिसले. नात्याच्या आधारावर म्हणावे, तर नात्याची सीमा कोठे आखावी हा प्रश्न उरतो. १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत क्यूव्हिए आणि जोफ्रुआ सँतिलेअर यांच्यात याच सीमेवरून मोठा वाद झाला. प्राणिसृष्टीचे चार आराखडे परस्परांपासून सर्वस्वी भिन्न आहेत, असे क्यूव्हिएचे म्हणणे. तर सर्वांच्या मुळाशी रचनेचे ऐक्य आहे, असा जोफ्रुआचा आग्रह. शेवंड्यासारख्या प्राण्याला पालथे केले तर त्यात पृष्ठवंशीयांचीच मांडणी दिसते, असे त्याने १८२२ मध्ये सुचविले होते. त्या काळी ही कल्पना उपहासाचा विषय झाली. तथापि पाठ आणि पोट ठरविणारी जनुके कीटकांत आणि पृष्ठवंशीयांत एकच असून केवळ उलट बाजूंना कार्य करतात, असे १९९० च्या दशकात आढळून आले आणि जोफ्रुआच्या तर्काला अनपेक्षित आधार मिळाला. वृद्ध गटेला पॅरिसच्या राज्यक्रांतीच्या वार्तेपेक्षा हा वाद महत्त्वाचा वाटला होता, ही आख्यायिका नव्हे, नोंदलेली गोष्ट आहे. सारांश, नात्याचा धागा ओढीत गेले की तो रज्जुमान प्राण्यांपाशी थांबत नाही. कीटक, कृमी यांच्यापर्यंत आणि त्याही पलीकडे तो जातो. जे नाते सर्वांशीच आहे, ते काहींना वगळण्याचे निमित्त होऊ शकत नाही.

तिसरा आधार संवेदनेचा. जैन विचाराने जीवांची विभागणी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य असा एकेका इंद्रियाने वाढत जाणारा क्रम सांगितला आहे. हाही क्रमच आहे, आणि म्हणून ही दुसरी शिडीच नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. परंतु दोहोंतील भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. युरोपीय शिडी कोण किती वर आहे हे सांगते. जैन क्रमवारीचा नीतीतील उपयोग पीडा देणाऱ्याला सावध करण्यासाठी आहे. एकेंद्रिय जीवही तेथे जीवच असतो. त्याच्या हिंसेतही दोष असतोच. शिवाय परस्परांवर उपकार करणे हे जीवांचे लक्षण म्हणून त्याच ग्रंथात सांगितले आहे. संवेदनेच्या तारतम्यावरून इजेची तीव्रता ठरते. कोणाला जगण्याचा अधिकार आहे, हे त्यावरून ठरत नाही.

हा भेद मान्य केला की एका नेहमीच्या शंकेचे निरसन होते. सर्व जीव समान म्हटले, तर अँफिऑक्सस मारणे आणि माणूस मारणे सारखेच म्हणावे लागेल काय? तसे म्हणावे लागत नाही. ज्याला भविष्याची कल्पना करता येते, ज्याच्यावर इतरांचे प्रेम आणि आधार अवलंबून असतो, ज्याला भय आणि वियोग कळतो, त्याच्या हत्येत कितीतरी अधिक गोष्टींचा नाश होतो. हा फरक खरा आहे आणि तो नाकारणे हा ढोंगीपणा ठरेल. पण त्या फरकावरून दुसऱ्या जीवाचे अस्तित्व केवळ आपल्या सोयीसाठी आहे, असा निष्कर्ष निघत नाही. जास्त हानी आणि कमी हानी यांतून निवड करावी लागते, तेव्हा तारतम्य वापरावे. जेथे अशी निवडच समोर नाही, तेथे तारतम्याचा आश्रय घेऊन केलेला नाश हा निव्वळ बेपर्वाईचा असतो.

या विवेचनाला चीनमधील श्यामेन येथील एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. आमोय या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बंदराजवळ, लिउवुदियान या गावी, अँफिऑक्ससची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. एस. एफ. लाइट या प्राणिवैज्ञानिकाने १९२३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा पाश्चात्त्य अभ्यासकांना आश्चर्य वाटले. जो प्राणी त्यांच्या प्रयोगशाळांत जपून ठेवला जात होता, तो येथे शेकडो कोळ्यांच्या उपजीविकेचे साधन होता. चिनी भाषेत त्याला वेनचांग मासा म्हणतात. वेनचांग ही विद्येची आणि साहित्याची देवता. विज्ञानाने ज्याला पूर्वज ठरविले, त्याला लोकमानसाने आधीच सरस्वतीच्या दारात नेऊन बसविले होते. तो लोकांच्या ताटात होता आणि देवतेच्या नावातही होता. या दोहोंत तेथील कोळ्यांना विसंगती वाटली नाही.

या मासेमारीचा ऱ्हास झाला, तो केवळ खाणाऱ्यांमुळे नव्हे. १९५० च्या दशकात बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा बांध घातला गेला. पाण्याचे प्रवाह बदलले, स्वच्छ जाड वाळूवर गाळ साचू लागला आणि ज्या जागेवर त्या प्राण्याचे जगणे अवलंबून होते, ती जागाच उरली नाही. बांध घालणाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी वैर नव्हते. त्यांच्या हिशेबात तो नव्हताच. पुढे १९८९ मध्ये जाहीर झालेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत त्याला स्थान मिळाले आणि २००० मध्ये श्यामेनच्या समुद्रात पांढरा डॉल्फिन आणि बगळे यांच्याबरोबर त्याच्यासाठीही राष्ट्रीय राखीव क्षेत्र ठरविण्यात आले.

हे संरक्षण स्वागतार्हच आहे. तरीही त्यामागील कारण तपासून पाहिले पाहिजे. अँफिऑक्ससला वाचविले गेले, ते मुख्यतः तो माणसाच्या कुळाच्या इतिहासावर प्रकाश टाकतो म्हणून. त्याच वाळूत त्याच्या शेजारी राहणारे, पाठीत रज्जू नसलेले जे कृमी आणि शिंपले गाळाखाली गाडले गेले, त्यांच्यासाठी कोणी यादी केली नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील त्या वलयी कृमीला डार्विनच्या एका वाक्यात जागा मिळाली, हेच त्याचे भाग्य म्हणावयाचे. माणूस आपल्या आप्ताचे रक्षण करतो, तेव्हा तो चांगलेच करतो. परंतु केवळ आप्ताचेच रक्षण करतो, तेव्हा त्याच्या दयेचा केंद्रबिंदू तो स्वतःच असतो.

मग नात्याच्या ज्ञानाचा उपयोग काय? त्याचा उपयोग दृष्टी निवळण्यापुरता आहे, आणि तो लहान नाही. गोगलगाय समजून दुर्लक्षिलेल्या प्राण्यात माणसाला एके दिवशी स्वतःच्या पाठीचा कणा दिसला. त्या क्षणी त्याची जी चूक उघडी पडली, ती केवळ वर्गीकरणाची नव्हती. न पाहता कमी लेखण्याची होती. ती चूक एका प्राण्याबाबत दुरुस्त झाली, तर इतर असंख्य जीवांबाबतही ती होत असेल, असे मानण्यास जागा आहे. दोरी ओळखल्यावर सर्पाचे भय जाते, पण दृष्टान्ताचे तात्पर्य तेवढेच नाही; आपली दृष्टी भास निर्माण करू शकते, ही जाणीव त्यातून उरावी लागते.

शिडीला वर आणि खाली अशी दोन टोके असतात. तिच्यावर उभ्या असलेल्याला कोणीतरी पायाखाली लागतो. रज्जूचे तसे नाही. ती बांधते, जोडते, ताण सहन करते, आणि तिचे कोणते टोक वरचे हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. मानवी गर्भाच्या पाठीत काही काळ तीच असते. मणके नंतर येतात. उभे राहण्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्राण्याने आपला आरंभ वाळूत पडून राहणाऱ्याशी समान होता, याचे स्मरण ठेवावे, एवढीच अपेक्षा त्या मूक प्राण्याच्या वतीने करता येण्याजोगी आहे.